येते रे, तुऱ्या

गिरणीतून गरम पिठाचं टोपलं डोक्यावर घेऊन वच्छलाबाई गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथंच तिला कळलं, काहीतरी बिनसलंय. सकाळी दारात रचून ठेवलेली बोचकी नव्हती. ताडपत्री नव्हती, पातेली नव्हती, भिंतीला टेकवलेले दोन कोयते नव्हते. मातीत ट्रकच्या चाकांचे ताजे वळ उमटले होते आणि घरातून असा काही आवाज येत होता की तो कुत्र्याचा आहे हे कळायलाही तिला थोडा वेळ लागला.

गाडी उद्या येणार असं लेकानं सांगितलं होतं. "माय, वाटंला भाकरी लागतील. जरा जास्तीचं दळून आण," असं म्हणून रामप्रसादनं स्वतःच्या हातानं टोपलं तिच्या डोक्यावर चढवलं होतं. आणि ही बाई, गुडघा ठणकत असताना, पोराच्या भाकरीसाठी गिरणीत बसून राहिली. लाइट गेली, आली, पुन्हा गेली, तरी उठली नाही. टोपलं एवढं काठोकाठ का भरलं होतं ते आता तिच्या ध्यानात आलं.

तिनं टोपलं खाली ठेवलं आणि मागच्या कोठीची कडी काढली. तुऱ्या तिच्या पायांमधून सुसाट बाहेर गेला. दाराच्या फळीवर नखांचे ओरखडे होते आणि ओरखड्यांत रक्त. आत जर्मनच्या ताटलीत तूप लावलेली पुरणाची पोळी होती. एक घास तोडलेला, बाकीची तशीच. म्हणजे पोळी दाखवून त्याला आत घेतला, त्यानं पहिला घास घेतला आणि मागं दार लागलं. तिला गिरणीला धाडलं, कुत्र्याला पोळी घातली. दोघांनाही एकाच दिवशी फसवलं होतं.

आता हे राम्या काही दुष्ट पोरगं होतं म्हणून नव्हे हो. गंगाखेडहून डोंगराकडं जाताना लागणारी आमच्या बाजूची निम्मी गावं दिवाळी झाली की ऊस तोडायला बाहेर पडतात आणि पाडव्याच्या आसपास परत येतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तिकडचा हिशोब. आणि निघायच्या वेळी घरातलं कुणी रडलं, तर त्या साली कोयता हाताला लागतो, असं इकडं मानतात. म्हणून लोक चोरून निघतात. म्हातारं माणूस देवळात गेलेलं असताना, लेकरू झोपलेलं असताना. लेकराला हातात काहीतरी खाऊ द्यायचा आणि त्याचं तोंड खाऊत असताना मागच्या मागं गाडीत चढायचं. पिढ्यान् पिढ्या हेच चाललेलं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

वच्छलाबाईचं माहेर वालूरचं. लग्न होऊन इकडं आली आणि पहिल्याच दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर गाडीत चढली. उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहून वाहून मान आखडली, गुडघे झिजले. नवरा तापानं गेला, तरी ती लेकाबरोबर, मग लेक-सुनेबरोबर जातच राहिली. मागल्या साली मात्र गुडघ्यानं हात टेकले. पहिल्यांदाच तिनं गाडीला मागून पाहिलं, आणि तिला रडू आवरलं नाही. त्याच साली फडात रामप्रसादचा अंगठा कोयत्यानं फाटला, आणि ट्रॉलीचं चाक तुऱ्याच्या मागच्या पायावरून गेलं. कावळा बसला आणि फांदी मोडली. पण पोरानं मनात पक्कं धरलं, की मायच्या डोळ्यातल्या पाण्यानंच हे झालं.

तुऱ्या फडातच जन्मलेला. त्याची आई कुठल्याशा गाडीखाली गेली तेव्हा सून पंकजानं त्याला पदरात घालून पालाखाली आणला. शेपटीचं टोक पांढरं, उसाच्या तुऱ्यासारखं, म्हणून तुऱ्या. तिच्या घरी अजून पाळणा हलला नव्हता. गावातल्या बायका काय बोलायच्या ते बोलायच्या, पण पंकजा त्या कुत्र्याशी जितकं बोलायची तितकं नवऱ्याशीही बोलत नसेल. जन्मल्यापासून तो तिच्या नजरेआड झाला नव्हता. या वर्षी मुकादमानं सांगितलं, लंगडं कुत्रं गाडीत घालायचं नाही.

तुऱ्या सांजेपर्यंत परत आला. डांबरी रस्त्याच्या फाट्यापर्यंत धावला असावा. पाय फुटले होते. दारात उभा राहिला, वच्छलाबाईकडं पाहिलं, घरभर वास घेतला, खाटेखाली पाहिलं आणि मग मान वर करून जो हेल काढला, तो गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकला.

भिंतीला भिंत लागून व्यंकटरावांचं घर. चांगले शेतीवाले. पण बिचाऱ्यांच्या अंगावरून वारं गेलेलं, डावी बाजू लुळी, बोलणं कळायचं नाही. त्यांची बायको कस्तुराबाई वच्छलाबाईपेक्षा थोडी मोठी, वच्छलाबाई तिला आक्का म्हणायची आणि व्यंकटरावांना दाजी. तुऱ्या रडला की व्यंकटरावांचा चांगला हात खाटेवर आपटायला लागायचा. आणि कुत्रं रडलं की घरातलं माणूस जातं, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. कस्तुराबाईनं आधी दोन दिवस दम धरला. मग भिंतीवरून म्हणाली, "वच्छला, त्याला गप कर बाई. त्याला काय दिसायलाय म्हणून त्यो रडायलाय?"

"त्याला काय दिसंना म्हणून रडायलाय, आक्का," वच्छलाबाई म्हणाली. "पंकजा दिसंना त्याला."

पण नुसतं असं बोलून कुत्रं गप बसत नाही. वच्छलाबाईलाही पोट होतं. कापसाची वेचणी जोरात आलेली, रोजानं जावं लागायचं. सुरुवातीला ती त्याला बरोबर घेऊन गेली. फाट्याजवळ पोचताच त्यानं दावं तोडलं आणि डांबरी रस्त्याच्या मधोमध जाऊन बसला. एका एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून वाचला. तेव्हा तिनं ठरवलं, घरीच ठेवायचा.

आणि मग तिनं काय केलं? जे सगळा गाव करतो तेच. भाकरीचा काला दुधात भिजवायचा, त्याच्यापुढं ठेवायचा, त्यानं तोंड खाली घातलं की मागच्या दारानं चोरपावलांनी निघायचं. तिला वाटायचं, खाण्यात गुंतला की कळणार नाही. पहिल्या दिवशी त्यानं खाल्लं, आणि मान वर केली तर घर रिकामं. दुसऱ्या दिवशी अर्धंच खाल्लं. मग त्यानं खाणंच सोडलं. ताटली ठेवली की लांब जाऊन बसायचा आणि कण्हायचा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं. याचं तर पुरणानं पोळलं होतं. बरगड्या मोजता याव्यात असा झाला, आणि ती पांदीत उतरायच्या आत त्याचा गळा सुरू व्हायचा.

तेव्हा कस्तुराबाईचा भाचा नागनाथ एकदा दारात येऊन उभा राहिला. दांडगा पोरगा, मोटरसायकल बाळगून असायचा. "मावशी, कुत्रं पोत्यात घालतो अन चुडाव्याच्या टेशनावर सोडून येतो. तिकडं माझी सासुरवाडी हाय. टेशनावर खायला मिळतंय त्याला."

"लंगडं कुत्रं टेशनावर जगतंय व्हय रे?" वच्छलाबाई म्हणाली.

"मंग भाकरीत गोळी घालू का? काका तिकडं हात आपटायलेत. माणूस मोठं का कुत्रं?"

माणूसच मोठं, हे तिलाही ठाऊक होतं. नागनाथ म्हणाला, पुन्हा येतो, आणि गेला. त्या दिवशी ती वेचणीला गेली नाही. ताटली घेऊन तुऱ्यासमोर बसली आणि तिला रडू फुटलं. पंकजा पाडव्याला येईल आणि विचारेल, आत्याबाई, तुऱ्या कुठं हाय? तेव्हा काय सांगायचं? आणि खरं सांगायचं तर पंकजाचं सोडा. त्या घरात तिच्याशिवाय श्वास घेणारा तेवढा एकच जीव होता. तो गेला तर घर तिला खायला उठणार होतं.

रडता रडता तिच्या ध्यानात आलं, की कुत्रं ताटलीकडं बघतच नाही. ते तिच्या पायांकडं बघतंय. पायात चपला होत्या. तिनं सहज चपला काढून बाजूला ठेवल्या. तुऱ्याची मान खाली आली. तिनं पुन्हा चपला घातल्या. लगेच त्याचे कान ताठ, अंग थरथरायला लागलं. तिनं कापसाची झोळी कमरेला बांधली. तो उठून उभाच राहिला आणि कण्हायला लागला.

"अरं माझ्या लेकरा," ती म्हणाली. "तुला समदं ठाव हाय की."

सगळं ठाऊक होतं त्याला. दूधभाकरी पुढं आली म्हणजे कुणीतरी जाणार. चपला, झोळी, पदर खोचला म्हणजे जाणार. आणि गेलेलं माणूस येतं, हे मात्र त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कसं, निघताना सगळेच चोर झालेले. आपल्यात माणूस घरातून निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. पाणी आणायला निघालेली बाईसुद्धा येते म्हणून निघते. तुऱ्याला तेवढंही कुणी म्हटलं नव्हतं. तिलाही लेक म्हणाला नव्हता.

मग तिनं काय करावं? चपला घालून दिवसभर घरातच हिंडायला लागली. चपला घालून चूल पेटवली, चपला घालून भांडी घासली. आयुष्यात कधी चपलेनं चुलीपाशी गेली नव्हती ती. गल्लीतली सुलाबाई बघून म्हणाली, "का गं वच्छला, डोकं फिरलं का?" वच्छलाबाई म्हणाली, "फिरलंच म्हण." झोळी बांधायची आणि शेंगा फोडत बसायची. पदर खोचायचा आणि खाटेवर आडवं व्हायचं. पहिल्यांदा तुऱ्या प्रत्येक वेळी उठायचा. मग नुसते कान हलवायचा. पुढं पुढं एक डोळा उघडायचा, आणि मिटायचा.

त्यानंतर ती दारातून बाहेर पडायला लागली. समोरून, त्याच्या देखत. "येते रे, तुऱ्या," म्हणायची आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून लगेच आत. लाड नाही, कुरवाळणं नाही. जाताना जसं साधं, तसं येतानाही साधं. मग हापशापर्यंत. मग मारुतीच्या पारापर्यंत. तो रडायच्या आत परत यायचं, हे तिनं स्वतःशीच ठरवलेलं. कधी उशीर व्हायचा, मागं हेल ऐकू यायचा, आणि ती स्वतःवर चडफडत गुडघा ओढत यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हापशापासून सुरू. रोज बुडत होता, वेचणीच्या बायका हसत होत्या, पण तिनं हट्ट सोडला नाही. ताटली ती आता जाताना भरायची नाही. आली, चपला काढल्या, हात धुतले, की आपल्या ताटाशेजारी त्याचं ठेवायची. तो तिच्या पायांकडं बघायचा, मग हुंगायचा, मग थोडंसं खायचा. दूध आणि गोडाला मात्र तोंड लावायचा नाही.

व्यंकटरावांच्या खाटेवर हात आपटल्याचा आवाज कमी झाला होता. सगळं ठीक चाललं होतं आणि तेवढ्यात फोनानं घोटाळा केला.

रामप्रसादचा फोन अधूनमधून यायचा. "माय, राग आलाय का?" त्यानं पहिल्याच खेपेला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "राग कशाचा? पीठ लय झालंय. एकट्या बाईला कवा सरायचं एवढं?" या खेपेला पंकजा फोनवर आली आणि म्हणाली, "आत्याबाई, तुऱ्याच्या कानाला लावा की. मला लय याद यायलीय त्याची."

सुनेचा आवाज इतका बारीक झाला होता की वच्छलाबाईला नाही म्हणवलं नाही. तिनं फोन त्याच्या कानाशी धरला. "तुऱ्या, ए माझ्या सोन्या," पंकजा म्हणाली. कुत्रं दगडासारखं झालं. मग त्यानं फोनच्या मागं पाहिलं. वच्छलाबाईच्या मागं पाहिलं. कोठीत गेला, खाटेखाली गेला, रस्त्यावर गेला, परत आला. आणि मग जो रडायला लागला, तो थांबेचना. पलीकडं व्यंकटरावांचा हात पुन्हा खाटेवर आपटायला लागला.

त्यानंतर ती घरात फोन घ्यायची नाही. वाजला की पारावर जायची. पंकजा रुसली. "मंग त्याला माझी याद यायची न्हाई का?"

"याद थांबती व्हय, बाई? पर खपली रोज काढली तर जखम भरत न्हाई."

पण तोवर नागनाथ पोतं घेऊन आलाच. मागं कस्तुराबाई. तिचे डोळे जागरणानं लाल झाले होते. "वच्छला," ती म्हणाली, "मी तुझ्या पाया पडते. जाऊ दे त्याला."

वच्छलाबाई दारात बसली. "आक्का, येळवस आठ दिवसांवर हाय," ती म्हणाली. "येळवसेला समदा गाव शेतात. तुमाला दाजीला सोडून जाता यायचं न्हाई. तुमच्या शेतातला निवद मी घेऊन जाते, तुमच्या वतीनं. सकाळी जाते, दिवस कलल्यावर येते. गल्लीत तुमी, दाजी अन ह्यो. त्या दिवशी ह्यो रडला, तर नागनाथ, पोत्याचं तोंड मी धरते."

बोलून बसली आणि मग तिलाच घाम फुटला. पण शब्द गेला तो गेला. कस्तुराबाईनं पोतं नागनाथच्या हातातून घेतलं आणि घडी घालून आपल्या घरात ठेवलं.

मार्गशीर्षातली अवस म्हणजे आमची येळवस. त्या दिवशी घरात चूल थंड नाही राहत, पण माणूस घरात राहत नाही. भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबील, सगळं डोक्यावर घेऊन लोक शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपट, करतात, पूजा करतात, दिवसभर तिथंच जेवतात. गावात कुत्रंसुद्धा राहत नाही म्हणतात. या खेपेला एक राहणार होतं.

तिनं आदल्या दिवशी वाकळ बाहेर काढली. तिच्या स्वतःच्या लुगड्यांची आणि पंकजाच्या एका फाटक्या साडीची शिवलेली. ती उंबऱ्याच्या आत अंथरली. सकाळी आंबिलाचं मडकं डोक्यावर घेतलं, चपला घातल्या, समोरच्या दारातून निघाली. "येते रे, तुऱ्या." मागं वळून बघितलं नाही. बघावंसं लय वाटलं.

शेतात तिनं कस्तुराबाईच्या वतीनं पूजा केली. चारी बाजूंना आंबील शिंपडली. लोकांनी आग्रह करून वाढलं. वारा गावाकडून आला की ती हातातला उंडा तसाच धरून बसायची. वेचणीतली गीताबाई म्हणाली, "का गं, कान टवकारून बसलीस?" काय सांगणार, की मी कुत्र्यासाठी देवाला निवद दाखवायलेय म्हणून? पण तिनं दाखवला होता. दाजीला आराम पडू दे, अन त्या मुक्याला धीर दे, असं दोन्ही एकदमच मागितलं होतं.

परत आली तेव्हा कस्तुराबाई तिच्याच ओट्यावर बसलेली होती. वच्छलाबाईनं मडकं खाली ठेवलं.

"रडला का, आक्का?"

"तू गेल्यावर उठून दारात आला," कस्तुराबाई म्हणाली. "रस्त्याकडं बघत उभा राहिला. मी म्हणलं, आता काढतो गळा. जरासा कण्हला. मंग त्या वाकळंवर जाऊन पडला. दुपारून ह्यांचा डोळा लागला, वच्छला. किती दिवसांनी लागला."

तुऱ्या आतून बाहेर आला, तिच्या पायांचा वास घेतला आणि शेपटी हलवली. पांढरं टोक इकडून तिकडं. तिनं चपला काढल्या. तेव्हा कुठं ती ओट्यावर बसून मनसोक्त रडली. ते पोतं कस्तुराबाईनं पुढं शेंगा भरायला काढलं.

माघात व्यंकटराव गेले. दिवसाउजेडी, भर दुपारी. तुऱ्या लिंबाच्या सावलीला गाढ झोपला होता. ना कण्हला, ना मान वर केली. तेराव्यानंतर, माणसं पांगल्यावर, कस्तुराबाई वच्छलाबाईकडं येऊन बसली.

"कुत्रं रडलं न्हाई गं," ती म्हणाली. "तरी गेले."

वच्छलाबाई तिच्याजवळ सरकली.

"पाणी मागितलं त्यांनी. खुणंनं. मी रांजणाशी गेले, तांब्या भरला, आले, तवर गेलेले. एवढ्या वर्षांचा संसार, वच्छला. जाताना तोंड बी बघू दिलं न्हाई."

वच्छलाबाईनं तिचा हात धरला. दोघी तशाच बसल्या. त्यानंतर रोज सांजेला वच्छलाबाई तिच्याकडं जायची. घटकाभर बसायची, उठताना म्हणायची, "येते, आक्का." कस्तुराबाई पहिले काही दिवस तिचा पदर सोडायची नाही. पुढं सोडायला लागली. एकदा म्हणाली, "तू येते म्हणतीस अन खरंच येतीस. तेवढ्यावर रात निघती माझी."

पाडव्याच्या सुमाराला गाडी आली. पंकजा उतरायच्या आत तुऱ्यानं तिला गाठलं. ती रस्त्यातच बसली, आणि तो लंगडा जीव तिच्या अंगावर चढून चढून वेडा झाला. ते बघायला गल्ली जमली. ते सगळं झाल्यावर, जेवणं झाल्यावर, वच्छलाबाईनं लेकाला समोर बसवलं.

"राम्या, पुढल्या साली मला सांगून जायचं."

त्यानं मान खाली घातली. मग अंगठा पुढं केला. फाटलेल्या जागी पांढरा वण होता. "माय, तू रडलीस अन हे झालं."

"अंगठा कोयत्यानं फाटला, रामा. माझ्या डोळ्यानं न्हाई." तिचा आवाज चढला नाही. "तू गाडीत चढलास तवा मी गिरणीत बसले व्हते. तुझ्याच भाकरीचं पीठ दळत व्हते. घरी आले तर पीठ गरम अन घर खाली. ती कस्तुराक्का बघ. तिच्या नवऱ्याला सांगून जाता आलं न्हाई, त्याच्या हातात नव्हतं. तुझ्या हातात व्हतं."

रामप्रसादनं पुढं केलेला अंगठा मुठीत घेतला. पंकजा रडत होती. दुसऱ्या दिवसापासून तिनंच सासूकडून शिकून घेतलं. झोळी बांधायची, येते रे म्हणायचं, पारापर्यंत जायचं, परत यायचं. आखाड गेला, श्रावण गेला. भादव्यापर्यंत ती शेतात गेली तरी तुऱ्या वाकळीवर पडून राहायचा, आणि ती आली की उठून चार पावलं सामोरा यायचा.

दिवाळी झाली. पंकजानं पुरण शिजवलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी वच्छलाबाई स्वतः गिरणीत गेली. रात्रीच पीठ मळायला घेतलं आणि पहाटे भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधली. ट्रक सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळी आला. वर बसलेली मंडळी बघत होती.

रामप्रसाद तुऱ्याच्या समोर उकिडवा बसला. त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "येतो रे," म्हणाला. पंकजाही म्हणाली, आणि तिनं त्याला उचलून घेतलं नाही. फार कठीण गेलं असेल तिला. मग रामप्रसाद आईच्या पाया पडला. "येतो, माय."

वच्छलाबाईनं तोंडावर पदर घेतला नाही. उघड्या डोळ्यांनी, सगळ्यांच्या देखत ती रडली. ट्रकवरून सरजाबाई नावाची म्हातारी म्हणाली, "अगं बाई, निघायच्या येळी डोळ्याला पाणी?"

रामप्रसाद चाकावर पाय देऊन वर चढत होता. त्याचा अंगठा ट्रकच्या फळीवर दिसत होता, पांढऱ्या वणाचा. "रडू द्या तिला, मावशी," तो म्हणाला. "माझी माय हाय ती."

ट्रक निघाला. भाकरीचं गाठोडं पंकजाच्या मांडीवर होतं. तुऱ्या वळणापर्यंत मागं मागं गेला, लंगडत. वळणावर थांबला. धूळ खाली बसेपर्यंत उभा राहिला, एकदा कण्हला, आणि परत फिरला.

वच्छलाबाई ओट्यावर बसली होती. गेलेल्यांना बांधून उरलेली एक भाकरी तिच्याजवळ होती. तिनं चपला काढून बाजूला सारल्या, भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं तिच्या पायांकडं पाहिलं. मग भाकरीकडं पाहिलं. मग बसून सावकाश खायला लागला. तो खातो आहे असं पाहून तिनं आपला घास तोंडात घातला.